शाळा, दिव्यांग आणि गाव : आमच्या कामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षण, दिव्यांगांना आधार आणि ग्रामविकास अशी तीन कामे एकाच संस्थेने का घ्यायची? एकच धरून नीट करता येत नाही का?

हा प्रश्न बहुतेक वेळा शहरातून येतो. गावात मात्र ही तिन्ही कामे एकाच घरात भेटतात. मराठवाड्यातल्या कोरडवाहू गावात विहिरींना हिवाळ्याच्या पुढे पाणी राहत नाही, म्हणून नवरा-बायको ऊसतोडीला जातात. धाकट्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे त्याचा हालचालींवर ताबा राहत नाही. त्याला उसाच्या फडावर नेले तर त्याचे व्यायाम थांबतात आणि घरी ठेवले तर त्याला सांभाळायला थोरलीची शाळा सुटते. यातला शिक्षणाचा प्रश्न कुठे संपतो आणि पाण्याचा कुठे सुरू होतो, हे आम्हाला तरी वेगळे करता आलेले नाही.

ही वाट आमच्या आधी मोठ्या माणसांनी घालून दिली आहे. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले ते कुष्ठरुग्णांसाठी, पण पुढे तिथे शेती आली, अंध आणि कर्णबधिर मुलांच्या शाळा आल्या, महाविद्यालय आले. जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आरोग्याचे काम करायला आले आणि त्या कामाला पिण्याचे पाणी, पोषण, गावातल्या बायकांचे प्रशिक्षण असे सगळे जोडावे लागले.

तरी सगळेच अंगावर घेत नाही. आम्ही दवाखाना चालवत नाही, कर्ज देत नाही आणि सरकारी शाळेला पर्याय म्हणून स्वतःची शाळा काढत नाही.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी नेमके काय करता?

आमच्या शिक्षणाच्या कामातला सर्वांत मोठा भाग हाच आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. शाळेच्या वर्षाचा अर्ध्याहून अधिक भाग त्यात जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, त्यामुळे ऐनवेळी ‘या वर्षी जाऊ नका’ असे सांगण्यात काही अर्थ नसतो. घर चालायचे असेल तर जावेच लागते. प्रश्न उरतो तो मुलांचा.

दोन मार्ग आहेत. कारखान्याच्या परिसरात साखरशाळा, किंवा गावातच हंगामी वसतिगृह, म्हणजे मूल आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहते आणि त्याच्या जेवणाची सोय शाळेमार्फत होते. आमचा कल स्पष्टपणे दुसऱ्या मार्गाकडे आहे. फडावर पहाटे तीनला उठणाऱ्या आईबरोबर मूल उठते, धाकट्यांना सांभाळते, पाणी भरते. अशा मुलाने दुपारी साखरशाळेत बसून शिकावे ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय करणारी आहे. शिवाय टोळी एका गावातून दुसऱ्या गावात हलली की तीही शाळा सुटते.

गावात मूल थांबावे यासाठी आमचे काम टोळी निघण्याच्या दीड-दोन महिने आधी सुरू होते. कोणत्या घरातून कोण जाणार, मागे कोण राहणार, याची घरोघर फिरून यादी करायची. ती शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवायची आणि वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत जाईल हे पाहायचे. मंजुरी हंगामाच्या मध्यावर आली तर तोपर्यंत मुले बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेलेली असतात. संध्याकाळचा अभ्यास घेणारी ताई गावातलीच असते आणि तिचे मानधन आम्ही देतो. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी मुलांचे आई-वडिलांशी फोनवर बोलणे करून देतो. हे बोलणे चुकले की मुले कोमेजतात, म्हणून ते आम्ही अभ्यासाइतकेच महत्त्वाचे मानतो.

मुलींबाबत आई-वडिलांची भीती वेगळी असते. वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची, या काळजीतून तिला फडावर नेतात किंवा तिचे लग्न उरकतात. त्या भीतीला नावे ठेवून काही होत नाही. मुलगी रात्री कुठे झोपेल, सोबत कोण असेल, याचे खात्रीचे उत्तर द्यावे लागते. ते दिले की बरेच आई-वडील ऐकतात. अठरा वर्षांच्या आतले लग्न ठरल्याचे कळले, तर आधी घरी बसून समजावतो. त्यानेही थांबले नाही तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर कळवतो, मग गावाची नाराजी ओढवली तरी चालेल.

शाळांना संगणक, टॅब, डिजिटल वर्ग देता का?

क्वचित. तिसरी-चौथीतल्या मुलाला साधा परिच्छेद वाचता येत नसेल तर टॅबवर तरी तो काय वाचणार? आधी वाचन आणि बेरीज-वजाबाकी पक्की व्हावी, हा आमचा आग्रह आहे.

त्यासाठी मुलाच्या बोलीपासून सुरुवात करतो. बंजारा तांड्यावरून आलेल्या मुलाच्या घरी गोरमाटी बोलतात, पारधी वस्तीवरच्या मुलाची बोली आणखी निराळी. पहिलीत बाईंचे बोलणे कळत नाही म्हणून ते गप्प बसते आणि सगळे त्याला ‘ढ’ समजतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जे केले ते आमच्यासाठी आजही धडा आहे. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा अंगणात न्या. मुले गुरे राखायला जातात तर कुरणशाळा भरवा. खडे, बिया, पाने यांवर मोजायला शिकवा. आमचे कार्यकर्ते जिल्हा परिषदेच्या शिक्षकांसोबत वर्गात बसतात आणि त्यांच्या बरोबरीने साहित्य तयार करतात. शिक्षक आमचे सोबती आहेत. दोन वर्गांना एकाच वेळी शिकवून वर माहिती भरण्याची कामे करणाऱ्या शिक्षकाला शिकवण्याची घाई आम्ही करत नाही.

शिष्यवृत्ती मिळते का?

आमची स्वतःची शिष्यवृत्ती थोड्याच मुलांना देता येते. त्याआधी सरकारी शिष्यवृत्ती पदरात पडते का ते पाहतो. आर्थिकदृष्ट्या दुर्बल मुलांसाठी आठवीत होणाऱ्या ‘एनएमएमएस’ या शिष्यवृत्ती परीक्षेत निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख आहे. पुष्कळ हुशार मुलांचे पैसे उत्पन्नाचा दाखला, बँक खाते किंवा आधारवरच्या नावातल्या एका अक्षराच्या फरकामुळे अडकतात. तहसील कचेरीच्या त्या फेऱ्या आम्ही पालकांसोबत मारतो.

आमचे मूल वेळेवर बसले नाही, बोलत नाही. घरचे म्हणतात, ‘मोठे झाल्यावर बोलेल.’ काय करावे?

थांबू नका. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. जन्मतः ऐकू न येणारे बाळ महिन्याभरात तपासले जावे, तीन महिन्यांपर्यंत निदान व्हावे आणि सहा महिन्यांच्या आत उपाय सुरू व्हावेत, असे या क्षेत्रातले तज्ज्ञ सांगतात, कारण भाषा शिकण्याची मेंदूची सर्वांत चांगली वर्षे हीच असतात. आमच्याकडे मुले येतात ती बहुधा चौथ्या-पाचव्या वर्षी, शाळेत नाव घालायची वेळ आल्यावर. तोपर्यंत देवऋषी झालेला असतो, नवस झालेले असतात आणि आईने स्वतःला दोष देऊन घेतलेला असतो. आईचा यात दोष नाही, हे आम्ही पहिल्या भेटीत आजी-आजोबांसमोर स्पष्ट सांगतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. त्या दिवशी मूल हजर राहील असे पाहा. पथकाला शंका आली तर ते पुढच्या तपासणीला पाठवते. जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात फिजिओथेरपी आणि वाचा-उपचार यांची सोय अपेक्षित असते. मात्र आठवड्यातून दोनदा जिल्ह्याला जाणे म्हणजे रोज बुडणे आणि एसटीचे भाडे. म्हणून आमची थेरपिस्ट घरी येते आणि घरातल्याच वस्तूंनी काय करता येईल ते दाखवते. भिंतीचा कोपरा आणि उशा वापरून मुलाला आधाराने कसे बसवावे, भरवताना मान कशी धरावी, आंघोळीच्या वेळी पाय कसे सैल करावेत. रोज थोडा वेळ आईने केलेले हे काम महिन्यातून एकदा तज्ज्ञाने केलेल्या कामाहून जास्त गुण देते.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) कसे काढायचे?

स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करायचा, मग सरकारी रुग्णालयात तपासणी होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारचे अपंगत्व मानले आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात ते सातच होते. त्यामुळे थॅलेसेमिया, सिकलसेल, स्वमग्नता (ऑटिझम), अध्ययन अक्षमता किंवा आम्लहल्ल्यातून आलेले अपंगत्व असणाऱ्यांनीही अर्ज करावा. पुष्कळांना आपण यात बसतो हेच माहीत नसते. बहुतेक योजनांसाठी आणि आरक्षणासाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागते. कार्डासाठी एजंटाला पैसे देऊ नका. कागद घेऊन आमच्याकडे या, अर्ज भरून देतो.

शाळा म्हणते, ‘तुमच्या मुलाला विशेष शाळेत घाला.’ शाळेला असा प्रवेश नाकारता येतो का?

नाकारता येत नाही. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क २०१६ च्या कायद्याने दिला आहे. पसंती पालकांची, मुख्याध्यापकांची नाही. काही मुलांना विशेष शाळा खरोखर जास्त मानवते. खुणांची भाषा बोलणारे सवंगडी मिळाले की कर्णबधिर मूल खुलते, हे आम्ही पाहतो. पण तो निर्णय मुलाकडे पाहून व्हावा.

बहुतेक मुख्याध्यापक दुष्टपणाने नकार देत नाहीत. मूल पडले तर, त्याला झटका आला तर, शौचाला कोण नेणार, या काळज्या खऱ्या असतात. आमची विशेष शिक्षिका पहिले काही दिवस वर्गात थांबते, उतार आणि शौचालयाची कडी-दांडी यांची व्यवस्था करते, परीक्षेत लेखनिक आणि वाढीव वेळ मिळावा म्हणून कागद करते. एवढ्याने दार उघडते. तरीही उघडले नाही तर लेखी नकार मागा. तो मागितल्यावर बरेचदा प्रवेश मिळतो.

व्हीलचेअर, तीनचाकी, कृत्रिम पाय कधी वाटता?

वाटपाचा कार्यक्रम आम्ही घेत नाही. मंडप, हार, पाहुण्यांचे भाषण आणि रांगेत तासन्‌तास बसलेले दिव्यांग, हे दृश्य आम्हाला सहन होत नाही.

त्याहून मोठे कारण असे, की साधन मापाने द्यावे लागते. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माणसाला जखम झालेली कळतही नाही. त्याला योग्य गादीशिवाय मिळेल ती खुर्ची दिली तर बसून बसून पडलेली जखम जिवावर बेतू शकते. वाढत्या मुलाची खुर्ची दर थोड्या वर्षांनी बदलावी लागते. गावातल्या खडीच्या वाटेवर लहान चाकांची रुग्णालयी खुर्ची अडते. आणि खुर्ची घराच्या उंबऱ्यापाशीच थांबणार असेल तर आधी उंबरा बघायला हवा. जयपूर फूट १९६८ मध्ये तयार झाला तेव्हा त्यामागे असाच विचार होता: इथला माणूस अनवाणी चालतो, ओल्या शेतात उतरतो, मांडी घालतो, उकिडवा बसतो. पाय त्याच्या जगण्याला साजेसा हवा.

म्हणून आम्ही आधी घरी येतो. माप घेतो, सरकारच्या ‘एडिप’ योजनेतून साधन मिळते का पाहतो, न मिळाल्यास स्वतः देतो आणि पुढची दुरुस्ती आमच्याकडे ठेवतो. साधन घेणाऱ्याचा फोटो त्याच्या परवानगीशिवाय कुठेही वापरत नाही आणि परवानगी न दिल्याने काहीही अडत नाही.

ग्रामपंचायतीकडे दिव्यांगांसाठी पैसे असतात म्हणतात. खरे आहे का?

हो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. लहान गावात ही रक्कम फार नसते, पण ती मार्चअखेर घाईने सरसकट वाटली जाते किंवा पडून राहते. गावातल्या दिव्यांगांनी मिळून ग्रामसभेत विचारावे: गेल्या वर्षी किती जमा होते, कशावर गेले, या वर्षी काय करणार? आम्ही ग्रामसभेला सोबत येतो. बोलायचे मात्र तुम्ही.

आम्ही थकलो. आमच्यानंतर या मुलाचे काय होणार?

बौद्धिक अपंगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांच्या आई-वडिलांच्या मनात हा प्रश्न रात्रंदिवस असतो. त्याचे पूर्ण उत्तर आमच्याजवळ आहे असा दावा करणार नाही. जे करता येते ते सांगतो.

मूल अठराचे झाले की आई-वडीलही कायद्याने आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ नुसार जिल्ह्यातल्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालकत्व घ्यावे लागते. जमीन, निवृत्तिवेतन, बँक या सगळ्यात हा कागद लागतो, म्हणून आई-वडील हिंडते-फिरते असतानाच तो करून ठेवावा. त्याच न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च देते आणि त्यात थेरपीचाही समावेश आहे.

कागदापलीकडे, आम्ही पालकांचे गट बांधतो. महिन्यातून एकदा चार-पाच गावांतले आई-वडील भेटतात. एकमेकांच्या घरी मूल दोन दिवस ठेवण्याची सवय हळूहळू लावतात. आयुष्यात प्रथमच माहेरी मुक्कामाला जाता आले, असे सांगणाऱ्या आया या गटांत आहेत. मुलाला स्वतः जेवता यावे, कपडे घालता यावेत, शेळ्यांना चारा टाकता यावा, यावर आमचा सगळा भर असतो, कारण उद्या ज्याच्यावर जबाबदारी येईल त्याचा भार यामुळेच हलका होणार आहे.

आमच्या गावात पाण्याचे काम सुरू कराल का?

मशीन आणि डिझेल देऊन निघून जाण्यासारखे हे काम नाही. त्यामुळे अर्ज सरपंचाचा नको, ग्रामसभेचा ठराव हवा, आणि त्याआधी महिलांची सभा झालेली हवी. पाणी कोण भरते ते आठवले की कारण कळेल.

काम माथा ते पायथा होते. आधी डोंगरावर सलग समतल चर (एकाच उंचीवर खणलेले चर), मग उतारावर बांध-बंदिस्ती, शेवटी ओढ्यावर बंधारे. पुष्कळ गावांना थेट ओढा खोल करून हवा असतो, कारण ते डोळ्यांना दिसते आणि बातमीत येते. वरची माती न अडवता केलेले खोलीकरण दोन-तीन पावसाळ्यांत गाळाने भरते. त्यामुळे त्या मागणीला आम्ही नकार देतो.

यापेक्षा अवघड प्रश्न साठलेले पाणी वापरायचे कसे हा आहे. हिवरे बाजारने पाणी अडवलेच, शिवाय बोअरवेलवर बंधने घातली, जास्त पाणी पिणाऱ्या पिकांना आळा घातला आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून कोणते पीक घ्यायचे ते ठरवले. हे गावकऱ्यांनी आपसात ठरवले, म्हणून टिकले. अडवलेले पाणी चार मोठ्या शेतकऱ्यांच्या बोअरमध्ये जाणार असेल तर आमच्या देणगीदारांचा पैसा आणि गावाचे श्रमदान दोन्ही वाया गेले असे आम्ही समजतो. तुमच्या ठरावात श्रमदानाबरोबर पाणीवापराचे नियमही हवेत. आणि हो, पाणवठ्यापर्यंत व्हीलचेअर जाईल असा उतार प्रत्येक कामात असतो.

संस्था नोंदणीकृत आहे का? हिशेब बघायला मिळेल का?

संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली नोंदलेली आहे. विश्वस्तांची नावे, मिळकत आणि उद्देश यांची नोंद सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात असते. तिथून उतारा काढून खात्री करता येते. लेखापरीक्षित हिशेब कार्यालयात कोणालाही पाहता येतात, गावकऱ्यांनाही. कोणत्याही संस्थेला देणगी देण्याआधी एवढे तरी बघावे, अशी आमची विनंती आहे.

देणगीवर करसवलत मिळते का?

प्राप्तिकर कायद्याखाली पात्र देणगीच्या ५० टक्के रकमेची वजावट मिळते, कायद्यातल्या मर्यादेत. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख रकमेवर ती मिळत नाही, म्हणून बँकेतून द्या. नवी करप्रणाली निवडली असेल तर ही वजावट नाही. परदेशी पैसा विदेशी अंशदान कायद्याची परवानगी असल्याशिवाय घेता येत नाही. ती आमच्याकडे नाही, म्हणून परदेशी देणग्या स्वीकारत नाही.

माझ्या देणगीतले किती पगारावर जातात?

बराच मोठा भाग. थेरपिस्ट, विशेष शिक्षिका, पाणलोटाचा अभियंता, अभ्यास घेणारी ताई, यांचा पगार हाच आमच्या कामाचा खर्च आहे. मुलाला चालायला शिकवणारी माणसे असतात. त्यांना वेळेवर पूर्ण पगार मिळायला हवा आणि त्यांनी उपकार म्हणून अर्ध्या पगारात राबू नये. ‘आमचा व्यवस्थापन खर्च शून्य’ असे कोणी सांगितले तर हिशेब कोण लिहिते, ते जरूर विचारा.

वाढदिवस मुलांसोबत साजरा करायचा आहे. जुने कपडेही द्यायचे आहेत.

तुमचा भाव आम्हाला पोचतो, पण दोन्हीला आम्ही नाही म्हणतो. अनोळखी माणसांसाठी मुलांनी टाळ्या वाजवाव्यात हे आम्हाला पटत नाही. त्या दिवशीचा खर्च एखाद्या मुलाच्या महिन्याच्या थेरपीसाठी द्या. नवी गोष्टीची पुस्तके मात्र आनंदाने घेतो.

स्वयंसेवक म्हणून येता येईल का?

शनिवार-रविवार येऊन मुलांना शिकवण्यापेक्षा अर्ज भरणे, हिशेब तपासणे, पुस्तके ध्वनिमुद्रित करणे यांची आम्हाला जास्त गरज आहे. मुलांसोबत काम करायचे असेल तर किमान सहा महिने द्यावे लागतात. माणसे सारखी बदलली की मुलांना त्रास होतो. थेरपी आणि विशेष शिक्षण भारतीय पुनर्वास परिषदेची किंवा आपापल्या व्यवसायाची रीतसर पात्रता असलेल्यांनीच करायचे. कोणीही, विश्वस्तांनीही, मुलासोबत बंद खोलीत एकटे राहायचे नाही. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ते आम्ही करतो. आत मिटवत नाही.

तुमच्याबद्दलच तक्रार असेल तर?

आधी विश्वस्तांना लिहा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर देणे आम्ही स्वतःवर बंधनकारक ठेवले आहे. तेवढ्याने समाधान झाले नाही, किंवा तक्रार विश्वस्तांविरुद्धच असेल, तर सहायक धर्मादाय आयुक्तांकडे जाता येते. दिव्यांग व्यक्तीशी भेदभाव झाला असेल तर, तो आमच्याकडून झालेला असो, शाळेकडून असो वा बँकेकडून, पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे अर्ज करता येतो. अर्ज लिहायला मदत हवी असेल तर कार्यालयातल्या कोणालाही सांगा; तो आमच्याविरुद्ध असला तरी लिहून देतो आणि त्याची एक प्रत तुमच्याजवळ ठेवायला देतो.